पाणी कुणाच्या हातचं?

आम्ही नाहूरहून बोलतोय. मुलुंड आणि भांडुपच्या मधलं हे छोटं स्टेशन, जलद गाडीतून जाणाऱ्यांना नावाची पाटीसुद्धा धड दिसत नाही. बचत गटांचं काम करता करता आम्हाला जुन्या बायकांच्या गोष्टी वाचायचा नाद लागला. त्यातलीच एक आज सांगायची आहे. तिची सुरुवात रेल्वेच्याच डब्यात होते, पण ती गाडी लोकल नव्हे.

साल 1893. नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत नारायण वामन टिळक नावाचे एक तिशीतले गृहस्थ बसले होते. कोकणस्थ ब्राह्मण, संस्कृतचे पंडित, मराठीत कविता करणारे. समोर एक युरोपियन प्रवासी होता. दोघांच्या गप्पा रंगल्या, कविता झाली, धर्म झाला, आणि उतरताना त्या माणसाने टिळकांच्या हातात बायबलचा नवा करार ठेवला. वर भाकीतही केलं, की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना तेव्हा ते काही पटलं नाही. पण पुस्तक वाचायचं कबूल केलं होतं म्हणून वाचायला घेतलं आणि मत्तयच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी येऊन ते अडकले. पुढे सरकवेना.

हे प्रवचन आहे तरी काय? येशू डोंगरावर बसून साध्या माणसांशी बोलतो, दीनांविषयी, शोक करणाऱ्यांविषयी, दयाळू माणसांविषयी. त्यातच तो म्हणतो, की जे शांती घडवतात त्यांना देवाची लेकरं म्हटलं जाईल. लंडनला शिकत असताना गांधीजींनीही हेच वाचलं आणि ते त्यांच्या थेट काळजाला भिडलं, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. आम्हाला त्यातला 'घडवतात' हा शब्द फार महत्त्वाचा वाटतो. शांत बसणाऱ्यांचं कौतुक तिथे केलेलं नाही. शांत बसायला आपल्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही, ते तर माहेरूनच शिकवून पाठवतात. 'तू गप्प बस, म्हणजे घरात शांती राहील.' हे वाक्य ऐकलं नाही अशी कुणी असेल तर तिने हात वर करावा. घडवणं म्हणजे काम आलं, मेहनत आली, समोरच्याकडे चालत जाणं आलं. त्याच प्रवचनात पुढे असंही सांगितलंय, की तू देवापुढे अर्पण घेऊन आलास आणि तिथे तुला आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही राग आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर आणि मग ये. म्हणजे आधी माणूस, पूजा नंतर.

10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुस्तकांत इथे रेव्हरंड टिळकांचं चरित्र सुरू होतं. आमची गोष्ट मात्र इथे त्यांना सोडून त्यांच्या बायकोकडे जाते.

लक्ष्मीबाई टिळक. जन्म 1868, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं नाव मनू. वडिलांना सोवळ्याओवळ्याचं इतकं वेड, की बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात येत नसे. त्या घरात लहान पोरींचे काय हाल झाले असतील ते तुम्हीच समजा. आणि लक्ष्मीबाईंनी ते सगळं पुढे हसत हसत लिहिलंय, हे विशेष. लहानपणीच लग्न झालं. शाळा नाही. अक्षरं नवऱ्याने शिकवली, तीही त्याच्या लहरीप्रमाणे. नवरा मोठ्या मनाचा, पण तापट. हातात पैसा ठरत नाही, नोकरी ठरत नाही, एका गावात पाय ठरत नाही. आज भांडण, उद्या कविता.

आणि एक दिवस बातमी आली, की नवरा ख्रिस्ती झाला.

मैत्रिणींनो, आज आपण म्हणतो धर्म ज्याचा त्याचा. पण 1895 साली ब्राह्मण घरातल्या बाईला या बातमीचा अर्थ काय होता? नवरा जिवंत आहे, पण त्याच्या घरात पाऊल टाकायचं नाही. त्याच्या ताटाशेजारी ताट नाही. विधवा नाही, सवाष्णही धड नाही. नातेवाईक चोवीस तास पहाऱ्यावर, का, तर ही जिवाचं काही बरंवाईट करील म्हणून. लहानगा दत्तू पदराला धरून. काही काळ त्यांनी पंढरपुरात काढला. ही ताटातूट वर्षानुवर्षं चालली. टिळक मोठे कवी होते, खरे देशभक्त होते, सगळं मान्य. तरी बायकोच्या संमतीने झालेला हा निर्णय नव्हता, आणि त्याची किंमत आधी तिने मोजली, हे आम्ही बोलल्याशिवाय पुढे जाणार नाही. शांतीची गोष्ट सांगायची म्हणून अन्यायावर पांघरूण घालायचं, हे आम्हाला जमत नाही.

शेवटी लक्ष्मीबाई नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, नवऱ्याकडे गेल्या. पण कशा गेल्या, ते पाहण्यासारखं आहे. धर्म बदलून नाही गेल्या. आपलं सोवळं, आपला स्वयंपाक, आपलं पाणी सगळं वेगळं ठेवून गेल्या. नवरा ख्रिस्ती, बायको हिंदू, आणि मधे भांड्यांची भिंत. टिळकांनी 'तू ख्रिस्ती हो' असा हट्ट धरला नाही. लक्ष्मीबाईंनीही 'तुम्ही परत या' म्हणून रोजचं रडगाणं लावलं नाही. भांडणं झाली, अगदी कडाक्याची झाली, दोघंही एकाहून एक तिखट. पण 'आधी तू माझ्यासारखी हो, मग आपण एकत्र राहू' ही अट कुणी घातली नाही. एकत्र राहायला आधी सुरुवात झाली, एकमत नंतर. आमच्या मते खरी शांती घडली ती या चुलीपाशी, कुठल्याही चर्चच्या पायरीवर ती घडलेली नव्हती. दोन चुली एका घरात पेटू दिल्या, हेच मोठं काम होतं.

मग हळूहळू लक्ष्मीबाईंच्याच मनात विचार सुरू झाला. कुणी उपदेश केला म्हणून नव्हे. त्यांनी स्वतःलाच विचारलं, की माणसामाणसातला हा उच्चनीच भेद देवाने केला की माणसाने? जन्मतो सगळे सारखेच, मरतो सगळे सारखेच. मग देवाने कुठे शिक्का मारलाय? उत्तर मिळालं, की हा माणसाचाच उद्योग. आणि ही बाई अशी, की एकदा उत्तर मिळालं की थांबायची नाही. ज्यांच्या सावलीला लहानपणी घाबरायला शिकवलं होतं, त्यांच्या हातचं खायचं-प्यायचं असं त्यांनी ठरवलं आणि तसं केलं. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 च्या सुमारास. हा क्रम लक्षात ठेवा. आधी पाणी, मग धर्म.

पुढे त्या घरात पोरक्या मुलांचा राबता असे. आणि त्याच घरात एक हिंदू मुलगा येऊन राहिला, त्र्यंबक बापूजी ठोंबरे, आपले बालकवी. शाळेच्या पुस्तकातल्या कवितेमुळे ते आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे. मनाने फार हळवे, पटकन रुसणारे. टिळक तापट, ठोंबरे हळवे, म्हणजे घरात रोजचं नाटकच. मधे लक्ष्मीबाई, एकाला दटावायचं, दुसऱ्याला जेवायला बसवायचं. त्यांनी ठोंबऱ्यांना लेकरासारखं वागवलं आणि ठोंबरे शेवटपर्यंत हिंदूच राहिले. 1918 साली ऐन तारुण्यात रेल्वेखाली सापडून बालकवी गेले, आणि पुढच्याच वर्षी, 9 मे 1919 रोजी, मुंबईत टिळक गेले. जाण्याआधी टिळकांनी 'देवाचा दरबार' नावाची मंडळी उभी करायला घेतली होती. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. तुकोबांच्या अभंगांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असं ते मानत. ही कल्पना त्यांना सुचली त्यात घरातल्या दोन चुलींचा काहीच हात नसेल, असं आम्हाला वाटत नाही.

मागे राहिलेल्या लक्ष्मीबाईंनी टिळकांचं अपुरं 'ख्रिस्तायन' पुरं केलं. 64 अध्याय, शाळेची पायरी न चढलेल्या बाईने. आणि मग 'स्मृतिचित्रे' लिहिली, 1934 पासून तिचे भाग पुस्तकरूपाने येऊ लागले. 1936 साली त्या गेल्या. विजया मेहतांनी या पुस्तकावर चित्रपट केला, त्यात सुहास जोशी लक्ष्मीबाई झाल्या होत्या. कुठे पाहायला मिळाला तर जरूर पाहा, पण पुस्तक आधी.

आता तुम्ही म्हणाल, सव्वाशे वर्षांपूर्वीचं सोवळं, आज त्याचं काय? म्हणून आमच्याकडची एक हकिगत सांगतो. नावं सांगणार नाही, त्या बायका ऐकत असतील.

आमच्या गटांपैकी एक गट पापड, मसाले आणि दिवाळीचा फराळ करतो. चांगल्या ऑर्डरी असतात. जवळच्या पुनर्वसनाच्या इमारतीत नवीन कुटुंबं राहायला आली, त्यातल्या दोघींनी गटात नाव घालायचं विचारलं. एक मुसलमान, एक नगरकडची ख्रिस्ती. गटात नाव घालायला कुणाची हरकत नव्हती. महिन्याची बचत त्यांनी भरावी, कर्ज घ्यावं, हप्ते फेडावेत, सगळं चालेल. पण एक जुनी, मानाची सभासद म्हणाली, 'पापडाच्या पिठाला त्यांचा हात नको. आमचं काही नाही हो, गिऱ्हाईक काय म्हणेल?' हे गिऱ्हाईक मोठं सोयीचं असतं बरं का. आपल्या मनातलं सगळं त्याच्या तोंडी घालता येतं.

लगेच एक 'शांतीचा' तोडगा पुढे आला. नव्या दोघींना पॅकिंग आणि पोचवायचं काम द्यावं, म्हणजे कुणाचं मन दुखायला नको, ऑर्डर वेळेत जाईल आणि गट फुटणार नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. तेवढ्यात नगरकडची बाई, जी तीन बैठकांत एक शब्द बोलली नव्हती, ती म्हणाली, 'माझे दोनशे रुपये चालतात, हात चालत नाही, असंच ना?'

बैठकीत टाचणी पडली तर ऐकू आली असती.

आम्ही तो तोडगा मान्य केला नाही. गटाची पंचसूत्री सगळ्यांना पाठ असते, नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि हिशेब. त्यात कुठेही सभासदांचे दोन वर्ग सांगितलेले नाहीत. त्यावर तीन शनिवार बसलो. आवाज चढले, जुनी उणीदुणी निघाली, लग्नातल्या मानपानापर्यंत गाडी गेली. तिसऱ्या शनिवारी ठरलं, की टोपी आणि हातमोजे सगळ्यांना सारखे आणि पीठही सगळ्यांचं. ती मानाची सभासद त्या दिवशी उठून गेली आणि पुढच्या बैठकीला आलीच नाही.

न्याय झाला, पण शांती झाली का? नाही ना. काहीजणी म्हणाल्या, गेली तर गेली, बरं झालं. आम्हाला तसं म्हणवेना. वीस वर्षांच्या शेजारात तिने कितीजणींची बाळंतपणं काढली होती. म्हणून दोघी-तिघींनी तिच्या घरी जायचं ठरवलं, निर्णय बदलायला नव्हे, नुसतं बसायला. पहिल्यांदा दार उघडलं, पण या म्हटलं नाही. दुसऱ्यांदा आत बोलावलं.

घरातून आणि गटातून आता रस्त्यावर येऊ. मुंबईत 1992 च्या डिसेंबरात आणि 1993 च्या जानेवारीत काय झालं, ते आमच्यातल्या मोठ्या बायकांना अजून आठवतं. आम्ही तेव्हा फार लहान होतो. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाप्रमाणे या दोन महिन्यांत 900 माणसं मारली गेली, 2000 च्या वर जखमी झाली. मात्र जवळच्या भिवंडीत, जिथे 1970 आणि 1984 मध्ये भयंकर दंगली झाल्या होत्या, तिथे त्या वेळी शांतता राहिली. योगायोग नव्हता तो. 1988 पासून तिथले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या होत्या. हिंदू, मुसलमान, हवालदार, दुकानदार, यंत्रमागवाले, सगळे नियमितपणे एकत्र बसत. अफवा आली की तिचा छडा लावायला माणूस ओळखीचा असे. दंगल पेटल्यावर ओळख करून घेता येत नाही, ती आधीच असावी लागते. केवढी साधी गोष्ट, पण ती करायला चार वर्षं लागली.

हाच धागा पुढे मुंबईत उचलला गेला. सुशोभा बर्वे, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी आणि ज्युलिओ रिबेरो ही त्यातली ठळक नावं. रिबेरो जन्माने मुंबईकर, मूळ गोव्याच्या ख्रिस्ती घरातले, 1982 पासून मुंबईचे पोलीस आयुक्त, 1986 मध्ये पंजाबचे पोलीसप्रमुख. त्यांच्यावर दोनदा जीवघेणे हल्ले झाले. त्यांच्या आत्मचरित्राचं नावच 'बुलेट फॉर बुलेट'. आणि हाच माणूस निवृत्तीनंतर गल्लीबोळांत जाऊन लोकांना एकमेकांसमोर खुर्च्या टाकून बसवू लागला. गटारं, पाणी, मुलांच्या अभ्यासाची जागा असे विषय घ्यायचे, मोहल्ल्याच्या पोरांचे क्रिकेटचे सामने भरवायचे. बंदुकीपेक्षा हे काम सोपं नव्हे. बंदुकीला वेळ लागत नाही, ओळखीला लागतो. धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान या दोन मित्रांनी चार मुलांना चार धर्मांचे कपडे घालून एकत्र फोटो काढला आणि त्याचं पोस्टर घरोघरी, पोलीस ठाण्यांपर्यंत पोचवलं. त्यांच्यावर 'नाता' नावाचा माहितीपटही निघाला. गावांसाठी सरकारने 2007 मध्ये तंटामुक्त गाव मोहीम काढली, पण आपल्या शहरातल्या बारा-पंधरा मजली इमारतीत शेजारी कोण राहतो तेच माहीत नसतं, तिथे तंटा सोडवायला बसणार कोण?

आणखी एक, लांबची पण आपली वाटेल अशी गोष्ट. पश्चिम आफ्रिकेत लायबेरिया नावाचा देश आहे. तिथे कैक वर्षं यादवी युद्ध चाललं होतं, लहान लहान पोरांच्या हातात बंदुका. लेमा बोवी नावाच्या एका ख्रिस्ती बाईने चर्चमधल्या बायकांना गोळा केलं, मुसलमान बायका त्यांना येऊन मिळाल्या. 2003 मध्ये पांढरे कपडे घालून या बायका राजधानीत मासळीबाजाराच्या मैदानात उन्हापावसात बसून राहिल्या, राष्ट्राध्यक्षाच्या रोजच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर. शांतीची बोलणी दुसऱ्या देशात, घानात, सुरू झाली तर तिथेही गेल्या आणि पुरुष नुसतेच वेळ काढताहेत असं दिसल्यावर सभागृहाच्या दारात बसून त्यांना बाहेर पडू देईनात. ऑगस्टमध्ये करार झाला. 2011 साली लेमा बोवींना शांततेचं नोबेल मिळालं. मासळीबाजारात बसलेल्या बायका युद्ध थांबवतात हे आमच्या कोळीवाड्यातल्या मावश्यांना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, 'मग? त्यात काय नवल?'

आमच्या गटात सध्या शनिवारची बैठक संपली की अर्धा तास 'स्मृतिचित्रे' मोठ्याने वाचतो. वाचणारी दर वेळी वेगळी. सोवळ्याच्या भागाला सगळ्या पोट धरून हसल्या, पंढरपूरच्या भागाला कुणी हसलं नाही. ती मानाची सभासद दोन महिन्यांपासून परत येऊ लागलीय. बचत भरते, वाचन मन लावून ऐकते, मागच्या शनिवारी तर एक पानभर तिनेच वाचलं, चष्मा सारखा करत. चहा नगरकडची बाई करते. तो मात्र ती अजून घेत नाही, 'आत्ताच घरून पिऊन आले' म्हणते. नगरकडची बाई दर शनिवारी तिच्यापुढे कप ठेवते.